वन्सं, बांगडूची साखर मोजतेय

वन्सं, आज दिवसभर मला घरात अडकून राहायचं आहे. डॉक्टर मॅडमनी सांगितलंय की सकाळच्या इंजेक्शनपासून संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत दर दोनेक तासांनी या बोक्याच्या कानातून थेंबभर रक्त काढायचं आणि साखर कशी उतरते, कशी चढते ते त्यांना फोनवर कळवायचं. मधल्या वेळात मी काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. दोनदा केर काढून झाला. तुमच्या पलंगावरची चादर धुवायला काढली, दुसरी घातली, आणि ती कुणासाठी घातली हे न सुचून तशीच उभी राहिले. हात रिकामे पडले की मी घरभर फिरत सुटते. म्हणून वही घेऊन तुमच्याशी बोलत बसलेय.

तुम्ही गेल्यावर जलदानाच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. मुंबईत टेलिफोनच्या नोकरीत काढलेली वर्षं, लग्न न करता भावंडांची केलेली शिक्षणं, विहाराच्या बांधकामासाठीची धावपळ. सगळं खरं होतं. पण ऐकताना मला वाटत राहिलं, ही कोण बाई? माझ्या घरात राहायची ती बाई मोबाईलच्या उजेडात मांजराचा कान धरून शीर शोधायची आणि सापडली की मोठ्याने ‘बोला!’ म्हणायची. ऑपरेटरची सवय. फोन उचलला तरी बोला, मी तणतणत भांडायला आले तरी बोला. समोरून एवढ्या शांतपणे ‘बोला’ आल्यावर माणसाचं अर्धं भांडण तिथेच संपायचं. मला त्याचाच राग यायचा.

बांगडूला तुम्हीच आणलंत, मिरकरवाड्याच्या जेटीवरून, मासळीच्या पिशवीतून. हे जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. मुठीएवढं पिल्लू, पाठीवर बांगड्यासारखे काळे पट्टे. मी सांगून टाकलं, मी याला हात लावणार नाही. तुम्ही म्हणालात, “नको लावू. तो लावील.” आणि लावलाच मेल्याने, त्याच दिवशी, माझ्या पायाला, नखांसकट.

आपला मोठा वाद अजून निकाली निघालेला नाही. त्याला साखर झाली कशाने? तुमच्या चहात बुडवलेल्या बिस्किटांनी, की माझ्या मासे कालवलेल्या भाताने? डॉक्टर मॅडमनी दोन्ही बंद केली, पण दोघींपैकी एकीचंही नाव घेतलं नाही. त्याबद्दल तुम्ही त्यांच्यावर नाराज होतात. रिक्षातून परतताना म्हणालात, “शिकलेली आहे मुलगी, पण निकाल देत नाही.”

थांबा. वेळ झाली.

मोजून आले. पहाटेपेक्षा खाली आलीय, अजून चढीच आहे, पण उतरतेय. कालपासून त्याला तुम्ही द्यायचात तेवढा पूर्ण डोस पुन्हा सुरू केलाय. सकाळी त्याने वाटीतलं अर्धंच खाल्लं. मॅडम म्हणाल्या, अर्धं खाल्लं असेल तर चालेल, द्या, पण लक्ष ठेवा. तर मी लक्ष ठेवतेय. तो तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडलाय आणि मी दर वाक्यानंतर मान वर करून बघतेय, पोट हलतंय की नाही.

सुरुवात आठवते तुम्हाला? पाण्याचं भांडं भरून ठेवलं की रिकामं. खायचा राक्षसासारखा आणि अंगाने मात्र उतरत चाललेला. मग मागचे पाय टाचांवर टेकून चालायला लागला, फरपटत, संधिवात झालेल्या म्हाताऱ्यासारखा. जो फळीवरून कपाटावर उडी मारायचा, त्याला पलंगावर उचलून ठेवावं लागायचं. मी म्हटलं, वय झालं. तुम्ही म्हणालात, हे वय नाही, हा आजार आहे, आणि पिशवीत घालून निघालात. माणसांचा आजार मांजराला होतो हे ऐकून मला हसू आलं होतं. तुम्हाला नाही आलं.

मग आपल्या घरात ती मशीन आली, त्या पट्ट्या आल्या, फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी इन्शुलिनची बाटली आली. मेडिकलवाल्याने एकदा लाल टोपणाच्या सिरिंजा दिल्या तर तुम्ही त्याला भर दुकानात वर्गात उभं करावं तसं उभं केलंत. “लाल टोपण चाळीसच्या बाटलीला. आमची बाटली शंभरची. मला केशरी टोपण हवं. मांजर मारायचंय का?” तो बिचारा म्हणाला, “मावशी, मांजरासाठी आहे होय?” त्याला वाटलं होतं माझ्यासाठी.

माझं काम ठरलेलं होतं. मी टॉवेलात गुंडाळून त्याला धरायचं. रुमाल कोमट पाण्यात पिळून कानाला शेक द्यायचा, तो पण मी. टोचायचं तुम्ही. रक्ताचा बारीक मणी आला की पट्टी लावायची, आकडा यायचा, मग उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. काही दिवसांनी तो रुमाल बघून स्वतःच येऊन बसायला लागला, तुकड्याच्या आशेने. तुम्ही म्हणालात, “बघ, त्याला कळतंय.” मी म्हटलं, “त्याला कोंबडी कळतेय.”

आणि मग दर थोड्या दिवसांनी डॉक्टरकडे फेरी. तिथून परतताना भाट्याच्या किनाऱ्यावर रिक्षा थांबवून आपण सुरूच्या झाडांखाली बसायचो, बांगडू जाळीच्या पेटीत, मध्ये. हे गेल्यावर मी बाजारापलीकडे कुठे जात नव्हते. माझं मलाच ते कळलं नव्हतं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत, शालू, चल समुद्रावर. म्हणाला असतात तर मी आले नसते. मांजराला हवा लागू दे म्हणायचात. पेटीतल्या मांजराला कसली हवा! मला कळत होतं, वन्सं. तुम्हाला ते कधी सांगितलं नाही, एवढंच.

नीताचा फोन येऊन गेला. तुमची भाची पनवेलीहून रोज फोन करते, आणि रोज तेच.

“आई, तू इकडे ये. एकटी काय करतेस तिथे?”

“साखर मोजतेय.”

“आई!”

“अगं खरंच मोजतेय. आता पुन्हा मोजायची आहे.”

“बांगडूचं काहीतरी बघू ना. मच्छीमार्केटात किती मांजरं असतात. तिथे त्याला खायला मिळेल.”

“आणि सुई कोण देईल? कोळणी?”

मग हळूच म्हणाली, “आई, मांजर आहे ते.”

मी म्हटलं, “माहीत आहे. मीसुद्धा वन्संना हेच सांगायचे.”

फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. तिचं काय चुकलं? मे महिन्यात मीच तुम्हाला हे म्हटलं होतं. सकाळी तुम्ही सुई दिलीत आणि त्याने नंतर टाकीमागे जाऊन सगळं ओकून टाकलं, ते आपल्याला दिसलंच नाही. थोड्या वेळाने तो दारू प्यायल्यासारखा भिंतीला धडकत आला आणि मोरीच्या तोंडाशी आडवा झाला. तुम्ही जमिनीवर फतकल मारलीत, बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळत राहिलात. मी नुसती उभी. बऱ्याच वेळाने त्याने जीभ बाहेर काढली, तुमचं बोट चाटलं, आणि तुम्ही तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटलेत.

तेव्हा मी म्हणाले, “सोडा आता त्याला.”

“सोडा म्हणजे?”

“सुया बंद करा. मुका जीव आहे. जाईल तेव्हा जाईल. किती टोचणार?”

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “शालू, तो पाणी मागतो. खायला मागतो. सकाळी ऊन आलं की उन्हात जाऊन बसतो. ज्याला अजून ऊन हवंय, त्याला मी कशी सोडू?”

“त्याला सुई नकोय, हेही तो सांगतोच की. ते नाही ऐकू येत तुम्हाला?”

तुम्ही उठून मधाची बाटली झाकून ठेवलीत. दिवेलागणीला सुईची वेळ झाली, तुम्ही टॉवेल माझ्यासमोर ठेवलात, मी त्याला धरलं. भांडण तसंच राहिलं. आजही मला वाटतं माझ्या प्रश्नाला उत्तर नाही. आणि आज मीच टोचतेय. आता हे कुणाला सांगू?

झाली वेळ.

एकदम उतरली आहे. दुपारी उतरणार हे माहीत होतं, पण एवढी नाही. मॅडमना फोन लावला. त्या हातखंब्याच्या पुढे एका गोठ्यात आहेत, गाय अडली आहे, मागे माणसांचा गलका. म्हणाल्या, “चालतोय ना नीट? मग घाबरू नका. खायला द्या आणि थोड्या वेळाने परत मोजा. लटपटला तर मध लावा आणि मला परत फोन करा.” कोंबडी दिली. वास घेतला, तोंड फिरवलं. मधाची बाटली जवळ घेऊन बसलेय. लिहिते, म्हणजे हात कामात राहतील.

तुम्ही पडलात तेव्हाही सकाळची सुई देऊन झाली होती. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतात. मला बादली पडल्याचा आवाज आला. मी धावत आले तर तुम्ही ओल्या साडीवर कुशीवर पडलेल्या, आणि तोंड एका बाजूला. शेजारच्या रेहानाभाभींनी कुंपणावरून पाहिलं, त्याच रिक्षा घेऊन आल्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझा हात तुमच्या त्या चालणाऱ्या हातात होता, आणि तुम्ही तो इतका घट्ट धरला होतात की मला वाटलं, एवढा जोर आहे म्हणजे काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोललात. जीभ जड, शब्द चिखलातून ओढल्यासारखे. “खाल्लं…” एवढं कळलं. पुढचं शेपूट विरून गेलं. खाल्लंस का म्हणालात, की खाल्लं का त्याने? मला विचारत होतात, की त्याच्याबद्दल? मी म्हटलं, “हो वन्सं, खाल्लं.” दोघांच्याही बाबतीत ते खोटं होतं. तुम्ही मान हलवलीत. संध्याकाळी गेलात. तेव्हापासून मी ते एक वाक्य उलटंपालटं करून बघतेय. केर काढताना, भांडी घासताना. कुणी नुसतं ‘जेवलीस का’ विचारलं तरी मी पुढ्यातलं ताट सारून उठते.

तो खरंच खात नव्हता. तुमच्या पलंगाखाली मागच्या भिंतीला चिकटून बसला होता. जलदानाच्या दिवशी बाहेर पांढऱ्या साड्यांनी पडवी भरलेली, बौद्धाचार्य वंदना म्हणत होते, आणि माझं लक्ष घड्याळाकडे. सुईची वेळ. मधूनच उठले तर नीताने हात धरला, “आई, आत्ता? मांजराचं?” मी हात सोडवून घेतला. आत जाऊन मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, खात नसेल तर पूर्ण डोस देऊ नका, पण एकदम बंदही करू नका, अर्धा द्या. अर्धा! सिरिंजवरच्या त्या रेघा मला चष्म्यातूनही दिसेनात. रेहानाभाभी मागोमाग आल्या होत्या. खिडकीशी सिरिंज धरून त्यांनी रेघ दाखवली, मग पलंगाखाली आडव्या होऊन त्याला ओढून काढलं, टॉवेलात गुंडाळलं. मानेची कातडी चिमटीत धरून मी सुई घातली, आणि ती घडीतून आरपार गेली. औषध सगळं केसांवर. पुन्हा फोन. “परत देऊ नका,” मॅडम म्हणाल्या, “किती आत गेलं आपल्याला माहीत नाही. सकाळी बघू.” बाहेर आदरांजलीसाठी सगळे उभे राहिले होते. मी तिथेच तुमच्या पलंगावर बसले आणि रडले. लोकांना वाटलं तुमच्यासाठी. मी त्या सांडलेल्या थेंबासाठी रडत होते.

नंतर शिकले. बांगडा बिनमिठाचा उकडून, काटे काढून, त्याचं पाणी बोटावर घेऊन त्याच्या ओठांना लावत राहिले. पहिल्या दिवशी त्याने थुंकलं. मग चाटलं. मग थोडं थोडं खायला लागला. भाभी सकाळ-संध्याकाळ येऊन त्याला धरतात, रेघ बघतात. “वैनी, मना वाटला न्हवता तुमी कराल म्हणून,” म्हणाल्या. मलाही वाटलं नव्हतं.

मोजते.

अजून खाली गेलीय. आता ती खरंच कमी आहे, वन्सं. खायला पुढे केलं तर तो उठून आत गेला. चालला नीट, पण डोळे कसेतरी. दुपारी तळायला दारावरून घेतलेले बांगडे आहेत ओट्यावर, त्यातला एक पटकन उकडते. मध आधी लावू? मॅडमचा फोन लागत नाहीये. आधी त्याला बघून येते.

वन्सं, तो पलंगाखाली नव्हता.

आता सगळं आटोपल्यावर लिहितेय. पलंगाखाली नव्हता, कपाटामागे नव्हता, मोरीत नव्हता. साखर उतरली की ही जनावरं कुठेतरी अंधारात जाऊन पडतात, तुम्हीच सांगितलं होतं. मी मधाची बाटली हातात घेऊन घरभर त्याला हाका मारत फिरले. मागच्या पडवीत लाकडांचा ढीग उपसला. टाकीमागे पाहिलं, कारण तेव्हा तो तिथे गेला होता. माझा आवाज ऐकून भाभी धावत आल्या, त्यांच्या आवारात माडांच्या बुंध्यांशी, चिऱ्यांच्या गडग्याच्या भिंतीमागे वाकून वाकून बघायला लागल्या. “बांगडूऽ, ये रं, ये.” उन्हाने चिरा तापलेला, मी अनवाणी. मनात एकच चाललं होतं, की सुई मी दिली. अर्धं खाल्लेल्यावर मी दिली. तुम्ही दिली नसती. आणि लगेच, नाही, तुम्हीही दिली असती, मॅडमनीच सांगितलं होतं. तुमच्याशी भांडत भांडत मी गडग्याला दोन फेऱ्या मारल्या.

तेवढ्यात घरात ताट पडलं.

पितळी ताट फरशीवर पडून घुमतं तसं, लांबलचक. मी स्वयंपाकघरात धावले. बांगड्यांवर झाकलेलं ताट खाली, आणि हा ओट्यावर. ओट्यावर, वन्सं! जो पायरी चढताना टाचा फरपटवायचा, तो माझ्या कमरेएवढ्या ओट्यावर चारी पायांवर उभा, अख्खा बांगडा पंजाखाली दाबलेला, डोकं तोंडात, आणि कराकरा फोडत होता. माझ्याकडे पाहून गुरगुरला, पण सोडला नाही.

मी मागच्या दाराकडे तोंड करून जीव खाऊन ओरडले, “सापडला! वन्सं, सापडला!”

दारात भाभी येऊन थांबल्या. मी कुणाला हाक मारली ते त्यांनी ऐकलं होतं. पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं नाही, ओट्याकडे पाहिलं.

“खातोय नव्हं?” त्या म्हणाल्या. “मंग खाऊ दे त्याला.”

आम्ही दोघी पायरीवर बसलो. त्याने शेपटीपर्यंत संपवला, मग ओटा चाटला, मग पंजा चाटत बसला. थोड्या वेळाने रुमाल पिळून आणला तर खाली उतरून माझ्यासमोर येऊन बसला. साखर वर येत होती. नंतर मोजली तेव्हा आणखी वर. मॅडमचा फोन आला, गाय सुटली, वासरू जिवंत आहे. आजचे सगळे आकडे ऐकून म्हणाल्या, आता पूर्ण डोस त्याला जास्त होतोय, आजपासून कमी करू. मी विचारलं, “म्हणजे सुधारतोय?” त्या नेहमीसारख्याच, “आत्ताच काही सांगता येणार नाही.” तुमची निकाल न देणारी मुलगी.

नीताला मी स्वतःहून फोन केला आणि सांगितलं, पनवेलीला येईन, चार दिवस राहायला, भाभींना सुई देता यायला लागली की. कायमची येणार नाही. ती रागावली नाही. म्हणाली, “तू बरी आहेस ना?” मी म्हटलं, बघू.

संध्याकाळची सुई दिली, मॅडमनी सांगितलं तेवढीच. रेघ भाभींनी दाखवली. त्या गेल्यावर मी ताट उचललं, ओटा खरकट्याने चिकट झाला होता तो धुतला. दोन बांगडे उरले होते. एक त्याच्यासाठी सकाळला म्हणून झाकून फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्याला चिरा दिल्या, हळद, मीठ, तिखट लावलं आणि तवा तापायला ठेवला. मला भूक लागली होती.